काचेच्या राणीची खोड

"आधी खालची ओळ वाच, इंदाय. वरच्या चित्राला भुलायला तू काय स्थळ बघायला आलीयस?"

नोंग तेरोयचं हे वाक्य मला आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. आवाज म्हणजे कसा, तर जुन्या जीपनीचा गिअर पडताना येतो तसा. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला नोंग आणि बाईला नांग म्हणतात, आणि मला ते लाडाने इंदाय, म्हणजे पोरी, म्हणतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा ह्या खेळाला बसले होते आणि सोनेरी पंखांच्या एका गरुडाच्या प्रेमात पडले होते. त्याच्या पोटाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा गरुड दर फेरीला मालकाचंच एक पान खातो. मी ते वाचलंच नाही. गरुडाने माझ्या हातातलं सगळं फस्त केलं आणि तृप्त होऊन बसला. मी हरले.

खेळ तसा सोपा आहे. दोघांचे दोन बुरूज. बुरुजाचे चिरे म्हणून आम्ही सुंग्काच्या पटातल्या कवड्या मांडतो. पानांवर सैनिक, राक्षस, जादूगार, ढाली, वादळं. ज्याचा बुरूज आधी ढासळला तो गेला. आणि जितकं पान मोठं, तितकी त्याच्या खालच्या ओळीत लिहिलेली खोडही मोठी. नोंग तेरोय म्हणायचे की पानाची ताकद कुणालाही दिसते, त्याची खोड आपल्याला परवडते का, एवढंच ठरवायचं असतं.

हे सगळं चालतं आमच्या मोलो गावच्या चौकामागे, नांग लुर्देसच्या बेकरीच्या मागच्या खोलीत. सकाळी ज्या लांब मेजावर पाव मळतात, त्याच मेजावर शनिवारी दुपारी, भट्टी निवली की, आम्ही कॅट पिसतो. आमच्या सगळ्यांच्या पानांना पिठाचा वास येतो. शेजारच्या हारो गावची मंडळी त्यावरून नाकं मुरडतात.

नोंग तेरोयनी उभा जन्म जीपनी, म्हणजे आमच्याकडची उतारूंची गाडी, चालवली. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला आणि त्याला सोबत म्हणून उजवाही गेला. बायको वारल्याला बरीच वर्षं झाली. आठवडाभर ते दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतात आणि कुणाचं काय बिघडलंय ते मोठ्याने सांगतात. शनिवारी मात्र ते दाढी करतात, काठी घेतात आणि चौक ओलांडून बेकरीत येतात. त्यांचा सगळा आठवडा त्या एका दुपारी असतो.

आता त्या दुपारवरच गदा आली होती.

दर वर्षी हारोच्या चर्चमधल्या कांदेलारिया माउलीच्या सणाआधीच्या शनिवारी मोलो आणि हारो असा एकच सामना होतो. जो जिंकेल, त्याच्या गावी वर्षभर खेळ. आजवर आम्ही जिंकत आलो, म्हणून खेळ बेकरीत. ह्या वर्षी हारोच्या मंडळींनी भाड्याने एक मोठी खोली घेतली होती. थंडगार हवेची, मऊ खुर्च्यांची. तिसऱ्या मजल्यावर.

"लिफ्ट आहे हो, नोंग," हारोचे म्होरके वकील सिक्स्तो म्हणाले होते. "फक्त ती चालत नाही."

"मग आमचं दोघांचं जमेल," नोंग तेरोय म्हणाले. सगळे हसले. तेही हसले.

पण त्याच आठवड्यात मी त्यांना पाहिलं. नांग लुर्देसच्या माळ्यावर जायला एक लाकडी जिना आहे. खोलीत कुणी नाही असं समजून ते त्या जिन्यापाशी गेले, कठड्याला धरून पहिल्या पायरीवर एक पाऊल ठेवलं, दुसरं उचलून पाहिलं, आणि दोन्ही पावलं खाली घेतली. मग काठीने उगाच जमिनीवरचं पीठ सारखं करत राहिले. मी पावाच्या टोपल्यांमागे उभी होते. मी खोकलेसुद्धा नाही.

आम्ही हरलो तर नोंग तेरोयचा शनिवार संपणार होता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

शिवाय नियम असा की गेल्या वर्षी ज्याने सामना खेळला, त्याने ह्या वर्षी खेळायचं नाही. गेल्या वर्षी नोंग तेरोयच खेळले होते. तेव्हा ह्या वर्षी आमच्याकडून जोमार खेळणार, हे ठरलेलं होतं. जोमार तिशीतला, दोन मुलांचा बाप, कॉल सेंटरमध्ये नोकरीला. रोज अमेरिकेतल्या चिडलेल्या माणसांना "तुमची अडचण मला अगदी समजते" असं सांगणं हे त्याचं काम. आमच्यात त्याच्याइतकं सफाईने खोटं बोलणारा दुसरा नाही, आणि ह्या खेळात अर्धी कमाई खोट्याचीच असते. समोरचा विचारतो, "ढाल आहे का हातात?" आपण म्हणायचं, "कसली ढाल, इथे खायला पान नाही." असं चालतं.

माझं तसं चालत नाही. त्याचं कारण सांगते.

माझे यजमान, अर्नुल्फो, जहाजावर इंजिनखान्यात असतात. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांचं जहाज वादळात सापडलं आणि बरेच दिवस काही ठावठिकाणा लागेना. तेव्हा मी माउलीपुढे पनाता केली, म्हणजे नवस बोलले, की ते सुखरूप येऊ देत, मी जन्मभर खोटं बोलणार नाही, गमतीतसुद्धा नाही. ते आले. आल्या आल्या पहिल्याच रविवारी सासूबाईंनी मला विचारलं, "फेली, माझ्या हातच्या दिनुगुआनच्या कालवणाची त्याला जहाजावर आठवण येते म्हणतो, खरं का गं?" मी खरं सांगितलं. त्यानंतर घरात बरेच दिवस शांतता होती. अर्नुल्फो एवढंच म्हणाले, "नवस बोलताना तूही जरा खालची ओळ वाचायची होतीस."

रोजची माळ आणि शुक्रवारचा नेम ह्यांच्यासारखंच मग हेही अंगवळणी पडलं. खेळताना कुणी विचारलं, ढाल आहे का, तर मी म्हणते आहे. गप्प बसले तर जोमार म्हणतो, "म्हणजे दोन आहेत." मी बहुतेक हरते. सगळे हसतात, मलाही हसू येतं, आणि संध्याकाळच्या घंटेपूर्वी मी घरी असते.

जानेवारीत अर्नुल्फोंची मोठी पेटी आली. टॉवेल, साबण, डबाबंद मांस, चॉकलेटं, आणि साबणांच्या मधे खोचलेलं पत्त्यांचं एक पाकीट. "योकोहामाला मिळालं. तू ते काहीतरी खेळतेस ना, त्यातलंच असावं," असं फोनवर म्हणाले. पाकीट मी बेकरीत नेऊन सगळ्यांसमोर फोडलं. चौथं पान उलटलं आणि जोमारच्या तोंडातला पाव तसाच राहिला.

काचेची राणी.

राणी दर फेरीला समोरच्या बुरुजाचे चार चिरे पाडते आणि जगातली कुठलीही ढाल तिला अडवत नाही. असं पान आमच्या खोलीत आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"खालची ओळ," नोंग तेरोय म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला.

मी वाचून दाखवली. राणी मेजावर उभी असेतो तिच्या मालकाने आपल्या हातची सगळी पानं उघडी मांडावीत. प्रतिस्पर्ध्याने दर फेरीला एक प्रश्न विचारावा आणि मालकाने त्याचं खरं उत्तर द्यावं. उत्तर खोटं निघालं तर राणी फुटेल आणि तिच्या काचांनी मालकाचाच अर्धा बुरूज पडेल.

"अगं बाई," नांग लुर्देस म्हणाली. "ही राणी आहे की सासू?"

नोंग तेरोयनी पान वजन करायला घेतलं. खरोखरचं वजन. बेकरीत पिठाचा जुना पितळी तराजू आहे. तो त्यांनी मेजावर मागवला. एका पारड्यात पानाचे गुण, दुसऱ्यात खोडी, आणि मापं म्हणून उकडलेल्या शेंगा. मोठी गोष्ट असेल तर मोठी शेंग.

"ढाल चालत नाही," असं म्हणून त्यांनी गुणांच्या पारड्यात मूठभर शेंगा टाकल्या. "चार चिरे." आणखी मूठ. "आता खोडी. पानं उघडी." पसाभर शेंगा. "खरं बोलायचं." ह्यावर ते थांबले, जोमारकडे पाहिलं आणि सगळी पिशवीच त्या पारड्यात उपडी केली.

मग ते डोळे मिटून विचार करायला बसले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा गुणांचं पारडं खाली गेलेलं होतं.

"चमत्कार आहे," ते म्हणाले. "खोडी कमी भरल्या. पान खेळायचं!"

"नोंग," मी म्हटलं, "खोडी जोमारने खाल्ल्या."

जोमारच्या मिशीला टरफल होतं. "मला तुमची अडचण समजते, नोंग," तो म्हणाला.

तरी पान इतकं जबर होतं की सोडवेना. सामन्याला दोन आठवडे होते. जोमारने राणी घेऊन खेळून बघायचं आणि नोंग तेरोयनी समोरून प्रश्न विचारायचे, असं ठरलं.

पहिल्या फेरीला त्यांनी साधा प्रश्न विचारला. "पुढच्या फेरीत तू काय करणार?"

"वादळ सोडणार," जोमार म्हणाला, आणि पुढच्या फेरीत ढाल लावली.

"फुटली!" नोंग तेरोय ओरडले.

"अहो, सवयीने बोललो!"

पुन्हा मांडलं. पुन्हा फुटली. तिसऱ्यांदा त्यांनी खेळाचं काही विचारलंच नाही. "सकाळी न्याहारीला काय खाल्लंस?"

"दलिया," जोमार म्हणाला.

"शर्टावर सॉसेजचं तेल आहे तुझ्या!"

"बायकोला दलिया सांगितलंय, नोंग. आता तुम्हाला वेगळं सांगितलं तर माझा गोंधळ होईल."

दिवसभरात राणी इतक्या वेळा फुटली की नांग लुर्देस म्हणाली, पायात चपला घाला, काचा लागतील. शेवटी नोंग तेरोयनी पान पालथं घातलं.

"ठेवून द्या हे," ते म्हणाले. "खोड परवडत नाही. जोमार, तू आपला जुनाच कॅट घेऊन खेळ."

पण जुन्या कॅटातली पानं वकील सिक्स्तोंना तोंडपाठ होती. गेल्या चार शनिवारी त्यांनी जोमारला सराव म्हणून चारी वेळा लोळवलं होतं. नोंग तेरोय खिडकीपाशी गेले. काचेत स्वतःकडे बघून त्यांनी कॉलर सारखी केली आणि पाठमोरेच, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून, मला विचारलं, "इंदाय, ह्या शर्टात मी म्हातारा दिसतो का गं?"

"हो, नोंग," मी म्हटलं.

"आणि केस रंगवले तर?"

"तर केस रंगवलेला म्हातारा दिसाल."

जोमार खो खो हसला. नोंग तेरोय मात्र हसले नाहीत. ते हळूच वळले आणि माझ्याकडे असं बघू लागले, जसं बंद पडलेल्या गाडीचं नेमकं काय बिघडलंय ते कळल्यावर माणूस बघतो.

"इंदाय, आजवर मी विचारलं आणि तू तुझी पानं सांगितली नाहीस, असं कधी झालंय?"

"नाही."

"म्हणजे तू इतकी वर्षं उघड्या पानांनीच खेळतेयस."

"तसंच म्हणायचं."

"आणि तरीसुद्धा मधूनमधून जिंकतेस!"

ते तराजूपाशी आले. खोडींच्या पारड्यात जेवढ्या शेंगा उरल्या होत्या तेवढ्या त्यांनी जोमारच्या ओंजळीत ओतल्या. पारडं टणकन वर गेलं.

"खा," ते म्हणाले. "हिला ह्या लागू नाहीत."

मी हसण्यासाठी खेळणारी बाई. नोंग तेरोयचा शनिवार माझ्या हातात, हे मला झेपणारं नव्हतं. शिवाय मनात दुसरंच काही टोचत होतं. नवस काही डावात टाकायचं पान नव्हे. माउलीला दिलेल्या शब्दावर मी कवड्या जिंकायच्या, हे बरं का?

शुक्रवारी कबुलीला गेले तेव्हा पाद्रेंना विचारलं.

"दुसऱ्या फेरीच्या आधी काढू नकोस ती राणी," पाद्रे म्हणाले. "आणि पाप काही नाही."

परत येताना मी चर्चमध्ये दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या असलेल्या सगळ्या संतिणींपुढे क्षणभर थांबले. त्यांच्यापैकी कुणाची हरकत दिसली नाही.

सामन्याच्या दिवशी वकील सिक्स्तो बार्कियोसचा, म्हणजे गुंडाळलेल्या कुरकुरीत बिस्किटांचा, डबा घेऊन आले. माणूस भला आहे. आवाज लोण्यासारखा, पण कोर्टात त्या लोण्यातून सुरी फिरते म्हणतात. समोर जोमारऐवजी मला बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"नांग फेली, तुम्ही?" ते म्हणाले. "मग आज लवकर घरी जाता येईल आपल्याला."

"बघू, वकीलसाहेब," मी म्हटलं. "भात तर मी लावूनच आलेय."

आमची मंडळी माझ्या मागे उभी राहिली. नोंग तेरोयना बसायला खुर्ची दिली होती, तरी ते काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्या खांद्यामागे उभेच. पहिल्या दोन फेऱ्यांत वकिलांनी माझा निम्मा बुरूज उतरवला. त्यांच्याकडे एक मगर होती, ती दर फेरीला सरपटत येऊन चिरे नेत होती. तिसऱ्या फेरीला मी राणी मांडली आणि हातातली पानं एकेक करून मेजावर उघडी ठेवली.

हारोच्या बाजूने "आईशप्पथ!" असा आवाज आला. वकिलांनी मात्र आधी खालची ओळ वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा उजळत गेला की जणू सणाला चर्चवर दिवे लागले.

"प्रश्न विचारायचे?" ते म्हणाले. "मी? दर फेरीला?"

"एकच, वकीलसाहेब."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बाह्या दुमडल्या. "साक्षीदाराने पुढच्या फेरीत ढाल लावायचं योजलं आहे काय? हो किंवा नाही."

"हो."

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग उघड्या ढालीकडे पाहिलं. मग स्वतःशीच हसले आणि ढाल येणारच नाही असं धरून खेळले. मी ढाल लावली. त्यांची मगर तिच्यावर आपटली आणि राणीने चार चिरे पाडले.

पुढच्या फेरीला त्यांनी तेच जरा फिरवून विचारलं. मी तेच जरा सरळ करून सांगितलं. पुन्हा चार चिरे.

तेवढ्यात नांग लुर्देसच्या रेडिओवर तीनची प्रार्थना लागली. सगळे उभे राहिले, दोन्ही गावं हात जोडून. डोळे मिटताना मला दिसलं की वकिलांचा एक डोळा माझ्या पानांवर आहे. बिचाऱ्यांना सवय. पानं तर उघडीच होती.

प्रार्थना संपली आणि शेवटची गाठ पडली. त्यांच्या बुरुजाचे चारच चिरे उरले होते, म्हणजे राणीचा एक फटका. माझे दोन. मधे माझी ढाल, ती एका फेरीपुरतीच उभी राहते. खेळी त्यांची होती. त्यांनी बोटं जुळवली आणि लोण्याच्या आवाजात विचारलं, "साक्षीदाराला माझ्या हातातल्या कुठल्या पानाची सगळ्यात जास्त भीती वाटते?"

मागे नोंग तेरोयचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. पण प्रश्न सरळ होता.

"भरतीची," मी म्हटलं. "तुमच्याकडे भरती असेल आणि आत्ता टाकलीत, तर राणी वाहून माझ्या हातात परत येईल. ढाल पुढच्या फेरीला उतरेल, मग तुमची मगर माझे दोन चिरे नेईल. मी हरेन."

मोलोच्या मंडळींनी एकदम असा सुस्कारा सोडला की मेजावरचं पीठ उडालं. "नांग फेली!" जोमार कळवळला. "अहो, 'माहीत नाही' म्हणायचं!"

"माहीत होतं रे."

वकिलांच्या हातातलं डावीकडचं पान किंचित वर आलं. मी त्यांच्या हाताकडे बघायला नको होतं, पण दिसलं. त्यांच्याकडे भरती होती.

"टाका ना!" मागून हारोवाले म्हणाले. "ती स्वतः सांगतेय!"

"तेच तर!" वकील म्हणाले. "ती स्वतः का सांगतेय? माझा जन्म कोर्टात गेला. विचारल्यापेक्षा जास्त सांगणारा साक्षीदार पढवून आणलेला असतो." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "राणी परत हातात गेली की काय होईल? हिची पानं पुन्हा झाकली जातील. माझे प्रश्न बंद! हेच हवंय हिला. मी राणी घालवावी म्हणून हे भरतीचं नाटक. नाही, बाई. रंगात आलेला साक्षीदार मी पिंजऱ्यातून उतरू देत नसतो."

ते पान अजून अर्धं वर, अर्धं खाली. आणि तेवढ्यात माझ्या कानामागे, जीपनीचा गिअर हळूच पडावा तसा आवाज आला: "माउली कांदेलारिया, ह्याने ती भरती टाकली नाही तर मी हारोला येऊन तुझा जिना चढेन."

वकिलांनी पान खाली केलं. दुसरं काढलं. हातोडा. धाडकन माझी ढाल फोडली. "आता पुढच्या फेरीत मगरीला मोकळं रान!" ते म्हणाले.

पण पुढची फेरी आधी माझी होती, आणि प्रश्नांच्या नादात वकिलांनी आपल्या उरलेल्या कवड्या मोजल्याच नव्हत्या. मी राणीवर बोट ठेवलं आणि त्यांच्या चार कवड्या, एकेक, हलकेच त्यांच्याकडे सरकवल्या.

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही. जोमारने मला उचलायचा प्रयत्न केला, नांग लुर्देस रडायला लागली, आणि हारोवाले आपल्याच वकिलांशी भांडायला लागले.

"तुम्ही मला फसवलंत!" वकील माझ्यापाशी येऊन म्हणाले.

"कुठे खोटं बोलले मी, वकीलसाहेब?"

"कुठेच नाही! त्यालाच फसवणूक म्हणतात!" मग त्यांनाच हसू आलं. त्यांनी बार्कियोसचा डबा उघडून पहिला मला दिला. "आमच्या कोर्टात येऊ नका हं कधी, नांग. धंदा बसेल."

त्यांनी भरती टाकली नाही तेव्हा मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या होत्या, तेवढं मात्र पुढच्या शुक्रवारी पाद्रेंना सांगायचं मी ठरवलं.

सगळे पांगले. मी आणि नांग लुर्देस कप विसळत होतो. नोंग तेरोय अजून घरी गेले नव्हते. काठीने दाराच्या उंबऱ्यावर टकटक करत उभे होते. नांग लुर्देस आत गेल्यावर ते म्हणाले, "इंदाय, मघाशी, त्या भरतीच्या वेळी, मी काही बोललो का गं?"

"हो, नोंग."

"मोठ्याने?"

"मोठ्याने नाही."

"म्हणजे कुणाला ऐकू गेलं नसेल."

"मला गेलं."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर चढावं लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, आणि तोंडातून निघालं काय, तर जिना! तोही हारोचाच! चर्चच्या दर्शनी भागावर, उंचावर उभी असते ना ती. दुसरं काही सुचलं नाही मला? मेणबत्ती म्हणायचं, फुलं म्हणायचं."

"गुडघे दुखतात हे माउलीला ठाऊक आहे, नोंग. पाद्रेंना विचारलं तर नवस बदलूनही देतील."

"बदलून?" ते गुरगुरले. "तिने तिच्या गावाला हरवून मला जिंकवलं, आणि मी आता घासाघीस करू?" मग आवाज उतरला. "मला दुसरीच काळजी आहे. आपण मोलोचे. आपली सांता आना. तिला सोडून मी ऐन वेळी हारोच्या माउलीकडे मागितलं. रागावली नसेल ना?"

"नोंग, सांता आना म्हणजे माउलीची आई," मी म्हटलं. "लेकीकडे मागितलं म्हणून आई कशी रागावेल?"

ह्याचा त्यांनी बराच विचार केला. "हं," म्हणाले, आणि चौक ओलांडून गेले.

सणाच्या सकाळी पहिली मिस्सा आटोपून मी चर्चच्या पायऱ्या उतरत होते. चौकात अजून फारशी जाग नव्हती. समोर हारोकडे जाणारी जीपनी भरत होती आणि थांब्यावर नोंग तेरोय उभे होते. दाढी केलेली, दोन्ही गुडघ्यांना लवचीक पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या, खिशात मेणबत्तीचं टोक दिसत होतं. मला बघून ते काहीतरी चोरताना सापडल्यासारखे दिसले.

"मी येऊ का सोबत?" मी विचारलं. "जिन्यावर हात धरायला."

"नको," ते म्हणाले. "तो नवस तू बोलली नव्हतीस. मी बोललो होतो." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "किती पायऱ्या आहेत गं?"

"मी कधी मोजल्या नाहीत, नोंग."

"बरंच झालं. तू सांगितल्या असत्यास."

ड्रायव्हरने त्यांना ओळखलं आणि आपल्या शेजारची जागा रिकामी करून दिली. ते आधी काठी आत टाकून, मग एक पाय, मग हाताने उचलून दुसरा पाय असे चढले. दार लागलं. नेहमीसारखे ते ड्रायव्हरला त्याच्या इंजिनाबद्दल काही बोलतील असं मला वाटलं, पण ते बोलले नाहीत. मेणबत्ती मोडू नये म्हणून त्यांनी ती खिशातून काढून दोन्ही हातांत उभी धरली, आणि जीपनी निघाली.